दहा हजार ल्युमेनची बॅटरी आणि बांधावरचा अंधार : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी चार महिने वापरून पाहिलेल्या चार्जिंगच्या टॅक्टिकल टॉर्चबद्दल (धातूच्या नळीची, लांब झोताची बॅटरी) चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढे प्रश्न आलेत की हा सगळा कॉलम त्यातच जाणार. एक आधीच सांगतो, आमच्या घरी टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि आत जातो तो सेल, मी तसंच लिहिणार. विजेरी हा शब्द छान आहे पण तो शब्दकोड्यातच भेटतो.

प्रश्न : दादा, मी सिन्नर तालुक्यातला. आमच्याकडं थ्री फेजची लाईट निम्म्या वेळा रात्रीच असते त्यामुळं कांद्याला पाणी द्यायला रात्री शेतात जावंच लागतं. ऑनलाईन टॅक्टिकल टॉर्च मागवली, खोक्यावर 10000 ल्युमेन आणि सेलवर 9900 एमएएच लिहिलंय. पहिली वीस मिनिटं बरी चालते मग पिवळी पडत जाते. आमचं काही चुकतंय का फसवलंय?

तुमचं काही चुकत नाहीये, फसवलंय. ल्युमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप, एमएएच म्हणजे सेलमध्ये मावणाऱ्या विजेचं; दोन्ही आकडे खोटे आहेत आणि ते पकडायला मशीन लागत नाही, घरातला वजनकाटा आणि मोबाईल बास.

आधी सेल. तुमच्या बॅटरीत बहुतेक 18650 नावाचा सेल असणार, नावातच माप आहे, 18 मिलिमीटर जाड आणि 65 लांब. या मापाचा चांगल्या कंपनीचा सेल साधारण 2500 ते 3500 एमएएच देतो. 9900 हा आकडा फक्त स्टिकरवर असतो, स्टिकर छापायला काय जातंय. सेल काढून काट्यावर ठेवा, खरा माल 45 ते 48 ग्रॅमच्या आसपास भरतो, तुमचा 30-35 भरला तर समजून जा की आत माल कमी आहे. आणि सेलचं प्लास्टिकचं कव्हर कुठं फाटलं असेल तर तो वापरूच नका, त्या पत्र्याच्या डब्याची सगळी बाहेरची बाजू निगेटिव्ह असते, शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही.

आता ल्युमेन. साधा हिशेब करा. 3500 एमएएच म्हणजे साडेतीन अँपिअर-तास, गुणिले 3.6 व्होल्ट, झाले साधारण साडेबारा वॅट-तास. टॉर्चमधला एलईडी ढोबळमानाने एका वॅटला शंभरेक ल्युमेन देतो असं धरा. म्हणजे 1000 ल्युमेनला दहा वॅट लागले आणि एवढा भरलेला चांगला सेल सव्वा तासात संपला. 10000 ल्युमेनला शंभर वॅट, म्हणजे सात-आठ मिनिटं, आणि तेही सेलने एवढा करंट सोसला तर, बहुतेक सेल सोसत नाहीत. तुमच्या बाईकला 35 वॅटचा जुना हॅलोजन असेल तर तो हाय बीमला हजार ल्युमेनच्या आतच असतो बरं का, आणि ही हाताएवढी नळी म्हणे त्याच्या दहापट उजेड देणार.

पण एक गोष्ट टॉर्चच्या बाजूने सांगायला हवी. चांगली टॉर्चसुद्धा फुल्ल उजेडावर दोन-चार मिनिटांनी स्वतःहून कमी होते. मी वापरतोय ती तिसऱ्या मिनिटालाच उतरायला लागते. तो दोष नाही, दहा वॅटच्या उष्णतेने अॅल्युमिनियमची नळी एवढी तापते की हातात धरवत नाही, म्हणून आतलं सर्किट उजेड कमी करतं. फरक असा की चांगली बॅटरी एका पातळीवर उतरून तिथे तास-दीड तास टिकून राहते आणि सेल संपला की पटकन जाते, आणि तुमच्यासारखी पहिल्या मिनिटापासून सेलबरोबर हळूहळू मरत जाते कारण आत करंट सांभाळणारं सर्किटच नसतं.

हे घरी तपासायचं असेल तर असं करा. बॅटरी फुल्ल चार्ज करा, रात्री खोली पूर्ण अंधारी करा, बॅटरी छताकडे तोंड करून उभी ठेवा, शेजारी मोबाईल लक्स (म्हणजे एखाद्या जागेवर पडणारा उजेड) मोजायचं फुकटचं अॅप लावून ठेवा आणि हलवू नका. चालू केल्यावर तीस सेकंदांनी एक आकडा लिहा, मग दर पाच मिनिटांनी. पहिल्या आकड्याचा दहावा भाग उरला की थांबा. अमेरिकेत एफएल-1 नावाचं टॉर्चचं स्टँडर्ड आहे, त्यात रनटाईम असाच धरतात, उजेड दहा टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे खोक्यावर ‘सहा तास’ लिहिलेलं खरं असलं तरी त्यातले शेवटचे चार तास काजव्याएवढा उजेड असू शकतो, हे कुणी सांगत नाही. मोबाईलचा लक्स आकडा अचूक नसतो पण आपल्याला आकडा नकोय, उतार बघायचाय, आणि शेजाऱ्याची बॅटरी त्याच जागी ठेवली की तुलना होते.

आता माझं खरं म्हणणं. तुम्हाला दहा हजार काय, एक हजारही नकोत. बांधावरून चालायला दीडशे ल्युमेन भरपूर होतात आणि वरच्या हिशेबाने तेवढ्यावर चांगला सेल आठ तास जातो, अख्खी रात्रपाळी निघते. मात्र उजेड पसरट हवा. या टॅक्टिकल बॅटऱ्यांचा झोत लांब जाऊन एका ठिपक्यात पडतो, दोनशे मीटरवरचं बाभळीचं झाड दिसतं आणि पायापाशी वेटोळं घालून बसलेली घोणस दिसत नाही. मण्यार तर रात्रीच फिरते. डोक्याला बांधायची पसरट उजेडाची बॅटरी घ्या, दारं धरायला दोन्ही हात मोकळे राहतात, आणि पायात गमबूट घाला, बॅटरी कितीही भारी असली तरी.

प्रश्न : जुन्नरजवळ राहतो, ऊसपट्टा आहे, बिबट्याचं भ्या असतं. झगमग करणारा स्ट्रोब मोड मारला तर बिबट्या पळतो का?

भरवसा ठेवू नका. डोळ्यावर झगमगाट आला की जनावर बिचकतं हे खरं, पण बिचकून कुठल्या बाजूला जाईल हे तुम्हाला माहीत नसतं आणि तुमचेही डोळे त्या झगमगीने दिपतात. त्यापेक्षा वनविभाग सांगतो तेच करा, एकटं जाऊ नका, मोठ्याने बोलत किंवा मोबाईलवर गाणी लावत चला, उसाच्या कडेला वाकून बसू नका. बॅटरीचा लांब झोत इथे मात्र कामाचा आहे, पुढच्या वळणावर आधीच उजेड टाकायचा, डोळे चमकले तर मागं फिरायचं.

प्रश्न : मी पुण्यात शिकते, आमचा ग्रुप पावसाळ्यात रात्री राजमाचीला जाणार आहे. सगळी मुलं टॅक्टिकल टॉर्च घेतायत, मी हेडलॅम्प घेऊ का टॉर्च? आणि खोक्यावर 300 मीटर रेंज असते ती खरी असते का?

दोन्ही घे, पण एकच घ्यायची असेल तर हेडलॅम्प. आणि धुकं असेल तेव्हा तो डोक्यावरून काढून हातात कमरेच्या खाली धर. कारण डोळ्याजवळचा उजेड धुक्याच्या थेंबांवर आपटून सरळ डोळ्यात परत येतो, समोर नुसती पांढरी भिंत. खाली धरला की वाट दिसते. मी हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याकडे जाताना हे ठेचा खाऊन शिकलो, जवळ हजार ल्युमेन होते आणि पुढच्याचा रेनकोट दिसत नव्हता, तेव्हा मोड एकदम खाली आणला तर उलट जास्त दिसायला लागलं. पांढऱ्याशार निळसर उजेडापेक्षा थोडा पिवळट, 4000-5000 केल्विनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप) घे, चिखल, दगड, शेवाळ वेगवेगळं कळतं.

रेंजचं गणित मजेशीर आहे. बॅटरीचा उजेड जिथे पाव लक्सवर येतो ते अंतर रेंज म्हणून लिहितात, पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड. तुला मोजायचं असेल तर पाच मीटरवरून मोबाईलच्या सेन्सरवर झोत मार, आलेल्या लक्सला 25 ने गुण, त्याचं वर्गमूळ काढ आणि दुप्पट कर. म्हणजे 400 लक्स आले तर 10000, वर्गमूळ 100, रेंज 200 मीटर. आणि त्या 200 मीटरवर माणूस आहे का दगड ते ओळखू येणार नाही, कामाचं अंतर त्याच्या निम्मं धर.

आणि मे-जूनमध्ये काजवे बघायला तिकडे जाणार असाल तर तिथे बॅटरी बंद ठेवा रे बाबांनो. काजवे उजेडानेच जोडीदार शोधतात, त्यात तुमचा टर्बो, म्हणजे सगळ्यात जास्त उजेडाचा मोड. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, एका हौशी मुलाने एकदा बटण दाबलं की सगळ्यांची अर्धा तासाची मेहनत गेली. पायाखालची वाट दिसायलाच हवी असेल तर मंद लाल दिवा, जमिनीकडे तोंड करून.

प्रश्न : ठाण्यात राहते. सासऱ्यांसाठी उशाशी ठेवायला मुलाने ही टॉर्च आणली, पण रात्री बाथरूमला जाताना ते बटण दाबतात तर कधी झगमग सुरू होते, कधी एकदम डोळे फुटतील असा उजेड. त्यांना आता तिची भीतीच बसलीय.

ताई, ती त्यांच्यासाठी नाहीच. एकाच बटणावर पाच मोड, दोनदा दाबलं की टर्बो, तीनदा दाबलं की स्ट्रोब, हे पंचविशीतल्या मुलांचं खेळणं आहे. झगमगीने झोपेतल्या माणसाचा तोल जातो आणि कुणाला फिट्सचा त्रास असेल तर धोकाच. मुलाला परत द्या. सासऱ्यांना एका बटणाची, चालू आणि बंद एवढंच करणारी साधी बॅटरी आणा, नाहीतर बोळात आपोआप लागणारा सेन्सरचा छोटा दिवा लावा, शंभर ल्युमेनसुद्धा नको तिथे.

प्रश्न : साताऱ्याहून लिहितोय. वॉटरप्रूफ म्हणून घेतली, पावसात काच आतून धुकटली. परत करावी का?

झूमवाली, म्हणजे तोंड पुढेमागे सरकवून झोत बारीक-मोठा करता येणारी असेल तर तिला पाणी लागणारच, सरकणारा भाग कितीसा बंद राहणार. तसल्या बॅटरीत झोत बारीक केला की बराचसा उजेड आतल्या नळीवरच वाया जातो तो वेगळा. खोक्यावरचा आयपीएक्स आकडा म्हणजे पाणी किती सोसेल त्याचा दर्जा, आयपीएक्स-4 असेल तर फक्त शिंतोडे चालतात, आयपीएक्स-7 असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास. नवीन घेतली की पहिल्याच आठवड्यात, परत करायची मुदत असताना, सेल काढून टिश्यू पेपर आत भरा, झाकण घट्ट लावा आणि बादलीत अर्धा तास बुडवा, कागद ओला तर माल परत. अर्थात हे 7 लिहिलेल्यालाच करा, नाहीतर चूक तुमची. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी बूच नीट बसलंय का ते आधी बघा, निम्म्या तक्रारी तिथेच निघतात.

प्रश्न : सी-टाईप केबल लावली तरी माझी टॉर्च फोनच्या चार्जरवर चार्जच होत नाही, दुकानदार म्हणतो चार्जर खराब.

चार्जर बरा आहे. स्वस्त टॉर्चमध्ये सी-टाईपचं भोक देतात पण त्यामागचे दोन छोटे रेझिस्टर वाचवतात, मग दोन्हीकडे सी असलेल्या केबलवर चार्जर वीजच सोडत नाही. चार्जरच्या बाजूला जुनी चौकोनी पिन असलेली केबल तशा भोकाच्या चार्जरला लावा, होईल. पण जिथे दोन रेझिस्टर वाचवलेत तिथे आणखी काय वाचवलं असेल याचा विचार करून ती डोळ्यासमोर चार्ज करा, झोपताना लावून ठेवू नका.

प्रश्न : भाचा दुबईहून येतोय, त्याला टॉर्च आणि दोन जादा सेल आणायला सांगितलेत. विमानात चालतं ना?

चालतं, पण सुटे लिथियम सेल चेक-इनच्या बॅगेत टाकायचे नाहीत, हँडबॅगेतच, आणि टोकांना चिकटपट्टी लावून किंवा प्लास्टिकच्या डबीत, किल्ल्या-नाण्यांबरोबर खुळखुळत नाही. शंभर वॅट-तासापर्यंत परवानगी लागत नाही, तुमचे सेल बारा-अठराच्या घरातले. फक्त त्या टॉर्चचं तोंड दातेरी असेल, टॅक्टिकलवाले मारामारीसाठी म्हणून तसं देतात, तर सिक्युरिटीवाला अडवू शकतो आणि तिथे वाद घालून उपयोग नसतो. म्हणून सेल निघणारा असेल तर रिकामी टॉर्च मोठ्या बॅगेत आणि सगळे सेल हातातल्या बॅगेत, असं त्याला आजच फोन करून सांगा.