फुटबॉल टीम तरुण असली की जिंकतेच का? वाचकांचे प्रश्न

जुळे सोलापूरहून एक वाचक विचारतात: सर, सगळी पोरं बावीस-तेवीसच्या आतली घेतली तर टीम जास्त पळणार, मग जास्त जिंकणार की?

पळणार हे नक्की, पण जिंकायचं गणित वेगळंय. 2025 च्या चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या मोठ्या स्पर्धेची, सेमीफायनल आठवा, बार्सिलोनाकडे 17 वर्षांचा लामिन यमाल आणि समोर इंटर मिलान, वयानं जुनी टीम. नव्वद मिनिटं संपली तेव्हा बार्सा 3-2 नी पुढे, फक्त बॉल आपल्याकडं ठेवायचा होता, पण पोरं अजून एक गोल मारायला धावत होती, यमालचा शॉट पोस्टला लागला आणि लगेच इंटरचा 37 वर्षांचा स्टॉपर (मधला डिफेंडर) अचेर्बी पार बार्साच्या गोलसमोर घुसून बरोबरी करून गेला. एक्स्ट्रा टाइममध्ये इंटर 4-3 नी जिंकली. आता हीच इंटर फायनलला पॅरिसच्या पीएसजी क्लबकडून 5-0 नी हरली, त्यात दोन गोल 19 वर्षांच्या डुएचे! पण त्या पीएसजीचा कॅप्टन मार्किन्योस 31 चा होता बघा, मागं उभा राहून सगळ्यांना जागेवर ठेवणारा. मला तरुण टीम आवडते, फक्त मागं असा एक माणूस पाहिजेच.

मग कुठल्या जागेवर तरुण आणि कुठं अनुभवी?

विंगरला, म्हणजे कडेनं पळणाऱ्याला, स्पीड लागतो, तिथं तरुण घ्या. गोलकीपर आणि स्टॉपर उशिरा पिकतात. परवा पार्क मैदानावर आमचा सतरा वर्षांचा स्टॉपर प्रत्येक बॉलवर पुढं झेप घ्यायचा, मागं मोकळी जागा, दोन गोल खाल्ले. सेकंड हाफला शेजारी पस्तिशीतला एक दादा उभा केला, तो फारसा पळालाच नाही, नुसता "थांब, थांब... आता जा" एवढंच ओरडत होता, आणि तेच पोरगं एकदम शहाण्यासारखं खेळायला लागलं.

अक्कलकोट रोडवरून एक आई लिहितात: मुलगा सोळाचा आहे, दोन टीमकडून खेळतो, गुडघ्याच्या खाली दुखतं म्हणतो. वयाचंच आहे ना?

ताई, वयाचं असू शकतं, वाढत्या वयात गुडघ्याखालच्या हाडावर ताण येऊन दुखतं, पण म्हणून दुखत असताना खेळवायचं नाही, आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तरुण शरीर लवकर भरून येतं म्हणून कोच लोक त्यालाच सगळ्या मॅचला उतरवतात, आणि इथंच घात होतो. बार्सिलोनाचा पेद्री 2020-21 मध्ये, जेमतेम 18 चा असताना, क्लब आणि देश धरून 73 मॅच खेळला आणि पुढचा सीझन मांडीच्या दुखापतीतच गेला. प्रोफेशनल क्लबमध्ये फिजिओ, डॉक्टर सगळे असून ही गत, मग आपल्या लेकराला एप्रिलच्या उन्हात एका दिवसात दोन मॅच कशाला? एकच टीम ठेवा, दुसऱ्या कोचला मी स्वतः सांगतो हवं तर.

सुनील छेत्री चाळिशीत खेळतोय, म्हणजे आपल्याकडं तरुण पोरं नाहीतच का?

पोरं आहेत ओ. छेत्रीनं 2024-25 च्या आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, 14 गोल मारले, भारतीयांत सगळ्यात जास्त, त्याची मेहनत मोठीच. पण स्ट्रायकरच्या जागी बहुतेक क्लब परदेशी खेळाडू घेतात, मग आपल्या पोराला शेवटची दहा मिनिटं मिळतात, आणि दहा मिनिटांत गोल मारायची सवय लागत नाही. एआयएफएफची, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाची, तरुण पोरांची इंडियन ॲरोज टीम होती तेव्हा परदेशी खेळाडूच नसायचे, पोरं हरायची पण पूर्ण नव्वद मिनिटं खेळायची. 2022 ला ती बंद केली, ते मला अजून पटलेलं नाही.