‘बँकेची परीक्षा नको, वेदान्त शिकायचाय’

प्रश्न: आम्ही खानापूर तालुक्यातले. मालक बसवर कंडक्टर आहेत. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन वर्षांपासून बेळगावात गीतेच्या वर्गाला जाते. आता म्हणते, बँकेची परीक्षा देणार नाही, लग्न नको, संन्यास घेऊन वेदान्त शिकवणार. गडहिंग्लजहून चांगलं स्थळ आलंय. सांगून सांगून थकलो, पोरगी ऐकंना झालीय. ह्यात पोट भरतं का? म्हातारपणी तिला कोण बघणार? आणि केस काढतात म्हणे, खरं का? – एक आई

ताई, नमस्कार.

केसांचा प्रश्न तुम्ही अगदी शेवटी, बारीक अक्षरात लिहिलाय. मला तोच सगळ्यात मोठा वाटला, म्हणून तिथूनच सुरू करते.

आपल्याकडं बाईचं डोकं भादरलं याचा अर्थ एकच, ती विधवा. माझ्या आजीची जाऊ आलवण नेसून मागच्या सोप्यात बसलेली मी लहानपणी पाहिलीय. सणाला तिला पुढं येऊ देत नसत. पोरीनं आपण होऊन तसं व्हायचं म्हटलं की आईच्या पोटात गोळा येणारच. पण त्या आजीला कुणी विचारलं नव्हतं. तुमच्या मुलीला विचारतील, आणि वर्षानुवर्षं विचारत राहतील. केसांची रीत म्हणाल तर ती सगळीकडं सारखी नाही. कुठं संन्यासाच्या वेळी मुंडन असतं, कुठं केस बारीक ठेवतात, काही स्वामिनी, म्हणजे संन्यासिनी, केस राखूनही असतात.

केसांपेक्षा अवघड गोष्ट तुम्हाला अजून कुणी सांगितलेली दिसत नाही. संन्यास घेताना माणूस स्वतःचं श्राद्ध स्वतः करतो. मग विरजा होम होतो, जुनं नाव जातं आणि गुरू नवं नाव देतात. कायद्यालाही हे ठाऊक आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदारानं संन्यास घेतला तर ते घटस्फोटाचं कारण धरलंय. २०१६ च्या अखेरीस पासपोर्टचे नियम बदलले, तेव्हापासून साधू-संन्याशांना आईवडिलांच्या रकान्यात गुरूचं नाव लिहिता येतं. तो नियम वाचताना माझ्याच घशात अडकल्यासारखं झालं. तुम्ही तर आई. हे तुम्हाला आज माझ्याकडून कळलेलं बरं, उद्या अर्धवट ऐकून घाबरण्यापेक्षा.

आता जरा श्वास घ्या. ही सगळी दहा-एक वर्षं पुढची गोष्ट आहे.

कुठलीही जबाबदार संस्था आज आलेल्या मुलीला उद्या भगवं देत नाही. आधी उमेदवारी असते, मग ब्रह्मचर्यदीक्षा (वेदान्त शिकवणाऱ्या चिन्मय मिशनच्या परंपरेत तेव्हा पिवळी वस्त्रं मिळतात), आणि त्यानंतर पुन्हा काही वर्षांनी, गुरूंना योग्य वाटलं तरच, संन्यास. अधेमधे परत येणाऱ्या मुली असतात. त्यात नाक कापलं जाण्यासारखं काही नाही. म्हणजे यंदा तुमच्या घरात संन्यासाचा निर्णय व्हायचाच नाहीये. यंदा ठरवायचंय ते संस्कृत शिकायचं की नाही, एवढंच.

तुमच्या भावकीतलं कुणी म्हणेल की बाईला संन्यासाचा अधिकारच नाही. असं मानणारी जुनी पीठं आजही आहेत, ते खोटं सांगणार नाही. पण महाभारतात शांतिपर्वात सुलभा नावाची भिक्षुकी जनकराजाच्या दरबारात जाऊन त्याच्याशी वाद घालते आणि त्याला निरुत्तर करते. इतकं लांब कशाला, मिरजेला जा, समर्थांची शिष्या वेणाबाई हिचा मठ आहे. बालविधवा बाई, त्या काळात उभं राहून कीर्तन करायची. आणि आपल्या बेळगावातल्या अनगोळचं कलावतीआईंचं हरिमंदिर तर तुम्हाला माहीत असेलच. कलावतीआईंचा मार्ग भजनाचा, पण त्यांचे गुरू हुबळीचे सिद्धारूढ स्वामी म्हणजे पक्के अद्वैती. सीमाभागातल्या कितीतरी घरांत पोरं बालोपासना म्हणत मोठी झाली, ती एका बाईच्या शब्दाखातर. तेव्हा ‘आमच्याकडं असं नसतं’ हे कुणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या.

विवेकानंद १८९२ च्या ऑक्टोबरात बेळगावला आले होते. रिसालदार गल्लीत भाटे वकिलांकडं राहिले, मग हरिपद मित्र या वनाधिकाऱ्यांकडं. हरिपदबाबूंबरोबर त्यांच्या पत्नी इंदुमतींनाही त्यांनी मंत्रदीक्षा दिली. बायकांचा मठ बायकांनीच चालवावा ही त्यांची इच्छा. ती पुरी व्हायला १९५४ उजाडलं. त्या वर्षी कोलकात्याजवळ दक्षिणेश्वरला श्री सारदा मठ सुरू झाला आणि १९५९ पासून तो स्वतंत्र आहे. तिथल्या संन्यासिनींना ‘प्रव्राजिका’ म्हणतात. पहिल्या अध्यक्षा भारतीप्राणा. शाळा, दवाखाने, हिशेब, इमारतींची डागडुजी, सगळं त्याच बघतात. म्हातारपणी कोण बघणार, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर अशा संघात मिळतं. आजारी वडीलधाऱ्या संन्यासिनीची सेवा धाकट्या करतात. खरं सांगायचं तर आपल्या गावात दोन-दोन मुलगे असलेल्या आयांनाही तेवढी खात्री नसते.

दुसरी वाट शिकणं-शिकवणं मुख्य मानणाऱ्या परंपरांची. कोल्हापूरच्या पुढं टोपला हायवेवरून दिसणारा भला मोठा गणपती तुम्ही पाहिला असेल, तो चिन्मय मिशनचा. त्यांचं पवईचं सांदीपनी साधनालय १९६३ चं. तिथं सुमारे दोन वर्षांचा निवासी वेदान्त अभ्यासक्रम असतो, मुलामुलींना एकत्र. दयानंद सरस्वतींची (१९३०–२०१५) आर्ष विद्या परंपरा अजून सावकाश चालते. कोइमतूरजवळ अनैकट्टीला त्यांच्या गुरुकुलात तीन-तीन वर्षांचे वर्ग झालेत, आणि त्यातून तयार झालेल्या कितीतरी स्वामिनी आज आपापल्या गावी शिकवतात. या दोन वाटांत एक फरक मात्र ध्यानात ठेवा. संघात राहणाऱ्या संन्यासिनीला संघ सांभाळतो. स्वतंत्रपणे शिकवणाऱ्या स्वामिनीला पगार नाही, पीएफ नाही, पेन्शन नाही. जे चालतं ते शिष्यांच्या दक्षिणेवर. चार माणसं जोडली तर निभतं, नाहीतर कठीण जातं. म्हणून ‘ह्यात पोट भरतं का’ या प्रश्नावर मी सरसकट होय म्हणणार नाही.

मुलीनं डोळ्यांसमोर काय आणलंय ते तिला एकदा विचारा. व्यासपीठ, हार, समोर दोनशे माणसं? पहाटे साडेचारला उठणं, ध्यान, मग भाजी चिरणं, मग पाठ, मग पाणिनीची सूत्रं, असे दिवस आधी असतात. तत्त्वबोध या सुरुवातीच्या छोट्या ग्रंथापासून आरंभ, मग गीता, मग मुंडक, केन, कठ ही उपनिषदं, मांडूक्य उपनिषद कारिकांसह, आणि शेवटाला ब्रह्मसूत्रांवरचं शंकराचार्यांचं भाष्य. एकेका शब्दावर तास जातो. शिकवायला लागल्यावर कुठल्यातरी फ्लॅटच्या हॉलमध्ये अकरा बायका आणि एक निवृत्त मास्तर, तोच श्लोक पंधराव्यांदा. रविवारी लहान पोरांचा वर्ग. वर्ग सुटल्यावर कुणीतरी मागं थांबतं, नवऱ्याच्या दारूचं सांगतं, गेलेल्या मुलाचं सांगतं. ब्रह्म सत्य, जगत् मिथ्या असं तिथं तोंडावर फेकून चालत नाही. त्या वेळी ऐकून घेता आलं पाहिजे, हा या कामातला सगळ्यात अवघड भाग. तुमची मुलगी घरात आजीचं ऐकून घेते का? मी मुलाखत घेणार असते तर पहिला प्रश्न हाच विचारला असता.

एका बाबतीत ती नशीबवान आहे. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दोन्ही आणि टीव्हीवर हिंदी. बेळगाव-धारवाड पट्ट्यात एकाच संध्याकाळी मराठीतून आणि कन्नडमधून गीता समजावून सांगू शकणारी बाई मिळणं सोपं नाही. भाषेवरून आपल्याकडं एवढी भांडणं होतात, त्यात ही एक कमाई. तिचं कन्नड शाळेपुरतं असेल तर आत्ताच वाढवायला सांगा.

आता माझी एक चूक. काही वर्षांपूर्वी असाच एक बाप मुलीला घेऊन माझ्याकडं आला होता. मी हसून म्हणाले, ‘वय आहे, जाईल.’ त्यांनी घरी जाऊन तिचा फोन काढून घेतला. महिन्याभरात पोरगी परराज्यातल्या कुठल्याशा आश्रमात पळून गेली. आश्रमवाल्यांनी तिची सगळी मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली होती आणि घरी बोलूही देत नव्हते. परत आणायला बापाचं अर्ध वर्ष गेलं. तेव्हापासून मी कुणाला ‘जाईल’ म्हणत नाही. आश्रम बघायला गेलात तर हे विचारा: आईवडिलांना कधीही येऊन भेटता येतं का? मूळ कागदपत्रं कुणाकडं राहतात? ट्रस्टचे हिशेब बघायला मिळतात का? दीक्षेआधी किती वर्षं थांबवतात? बायकांच्या राहण्याची जबाबदारी बाईकडं आहे का? ‘घर सोडून लगेच ये’ किंवा ‘वाटणी लिहून दे’ असं ऐकलंत की पोरीचा हात धरून परत फिरा.

आणि मुलीसाठी एक निरोप. शिकवण्याची ओढ वेगळी, संसार नको वाटणं वेगळं. कधी दोन्ही एकत्र असतात, कधी नसतात. बँकेच्या परीक्षेची धास्ती हे वैराग्य नव्हे, हे तिला माझ्या नावानं सांगा, चिडली तरी चालेल. शिकवायचंच असेल तर संन्यासाशिवायही रस्ते आहेत. लागला तर ब्रिज कोर्स करून संस्कृतात एम.ए., मग नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, मग कॉलेजात शिकवणं. धारवाडला कर्नाटक विद्यापीठात संस्कृत विभाग आहे. बी.कॉम.नंतर थेट प्रवेश मिळतो का, हे तिथं जाऊनच विचारा.

या वर्षाचं सांगायचं तर पदवी पुरी करायची, यावर तडजोड नाही. नावाजलेल्या संस्थाही पदवीधरच मागतात. सुट्टीत संस्कृत भारतीचं दहा दिवसांचं संभाषण शिबिर करू दे. त्यानंतर रोज एक तास व्याकरण, सहा महिने. हे टिकलं तर पुढचं बोलू. मधल्या काळात बेळगावच्या किल्ल्यातल्या रामकृष्ण मिशन आश्रमात एखाद्या रविवारी तुम्हीही तिच्याबरोबर जा. मालकांची ड्युटी नसेल तर त्यांनाही न्या. परीक्षेचा अर्जही भरू दे. भरलेला अर्ज कुणाला बांधत नाही.

गडहिंग्लजच्या लोकांना मात्र झुलवत ठेवू नका. तिनं होकार दिलेला नाही, तर याच आठवड्यात फोन करून तसं कळवा.