केस गळतात म्हणून रडू नकोस

अगं, उशीवर चार केस दिसले म्हणून एवढं घाबरायचं? दिवसाला 50 ते 100 केस सगळ्यांचेच गळतात. सांगलीत खोली घेतलीस, तिथं बोअरचंच पाणी ना? बादलीच्या काठावर पांढरा थर बसतो बघ, तोच केसांवरही बसतो. मग ते काथ्यासारखे लागतात. शेवटचे दोन तांबे तरी महापालिकेच्या नळाच्या पाण्याचे घे. मी सांगलीतच विश्रामबागेत राहायला आले तेव्हा वर्षभर शांपू बदलत बसले होते, आणि दोष पाण्याचा!

शांपू मुळांना लाव, टोकांना फेस आपोआप पोचतो. भिजलेला केस ताणला की तुटतो, म्हणून आधी बोटांनी गुंता सोडव, जरा वाळू दे, मग रुंद दातांचा कंगवा, तोही टोकाकडून वर. टॉवेलनं खसाखसा पुसणं तर विसरच. खोबरेल न्हाण्याआधी तासभर पुरे. रात्रभर थापून कोंडा जात नाही, उलट वाढू शकतो.

केसांना प्रथिनं लागतात, आणि मेसची डाळ पातळच असणार. अंडं, उसळ, शेंगदाण्याची चटणी जोडीला ठेव. भांग रुंद दिसायला लागला तर मात्र तेलं बदलत बसू नकोस. त्वचेच्या डॉक्टरकडे जा. हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासायला सांगतील.