पेपरात ‘पास झालं’ आलं म्हणजे कायदा लागू झाला का?

प्रश्न : काका नमस्कार, आम्ही इंदूरला रामबागेत भाड्याने राहतो. परवा घरमालक पेपरचं कात्रण घेऊन आले, म्हणे विधानसभेत विधेयक पास झालंय, आता नवा नियम चालणार. असं लगेच लागू होतं का? आणि कायदा बघायचा कुठे? ता.क. माझी नागपूरची मावशी विचारते की तुमच्याकडे विधान परिषद का नाही?

उत्तर : ताई, कात्रण तुम्ही पाठवलं नाही त्यामुळे त्या विधेयकाबद्दल मी काही बोलत नाही, पण नुसतं पास झालं म्हणून कोणी तुम्हाला नवा नियम लावू शकत नाही. भोपाळला विधेयक आधी मांडतात, मग चर्चा, मग एकेक खंड (विधेयकातलं कलम) घेऊन मतं, बहुतेक वेळा आवाजीनेच (२३० आमदारांच्या सभेत कोरमला, म्हणजे सभा चालायला लागणाऱ्या किमान हजेरीला, २३ जण पुरतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं). तिथून ते जातं राज्यपालांकडे. ते सही करतील, किंवा अर्थविधेयक (कर आणि सरकारी खर्चाचं) नसेल तर फेरविचाराला परत पाठवतील, किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतील. सही झाली की विधेयकाचा अधिनियम होतो आणि तो मध्यप्रदेश राजपत्रात, म्हणजे सरकारी गॅझेटात, छापून येतो, बहुतेक ‘असाधारण’ अंकात, म्हणजे शुक्रवारच्या नेहमीच्या अंकाची वाट न बघता काढलेल्या.

आता खरी गंमत. राजपत्र हातात आलं की सरळ कलम १ काढा. तिथे नाव, विस्तार (कुठे लागू) आणि प्रारंभ (कधीपासून लागू) असतो, आणि प्रारंभ म्हणून दोनपैकी एक वाक्य बहुतेक सापडतंच. एक, राजपत्रात प्रकाशनाच्या तारखेपासून प्रवृत्त होईल, मग विषय संपला, लागू. दुसरं, राज्य सरकार अधिसूचनेने नियत करेल त्या तारखेपासून, तर मग ती अधिसूचना वेगळी निघेपर्यंत कायदा छापलेला असूनही चालू नसतो, कधी काही कलमं आधी चालू करतात आणि बाकीची नंतर. घरमालकांना शांतपणे विचारा, काका राजपत्राची तारीख काय आणि प्रारंभाची काय? राजपत्र ऑनलाइन फुकट बघता येतं, मजकूर हिंदीत असतो आणि सोबत इंग्रजी अनुवादही छापतात.

अध्यादेश मात्र वेगळा हं, त्यात फसू नका. सभा चालू नसेल तेव्हा राज्यपाल तो काढतात आणि त्याला कायद्याइतकाच जोर असतो, सभा परत भरल्यापासून सहा आठवड्यांत मंजूर नाही झाला तर संपतो.

मावशींना सांगा, त्यांच्या महाराष्ट्रात दोन सभागृहं आहेत, आपल्याकडे एकच, पण आपल्याला परिषद द्यायची असं १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीत ठरलं होतं बरं का. फक्त तिथेही तेच, राष्ट्रपती ठरवतील त्या तारखेपासून, असं लिहिलं आणि ती तारीख आजतागायत कोणी जाहीर केली नाही.