वेल्सला आईबाबांना घेऊन जाताय ना, मग आधी बुकिंगवरचा पोस्टकोड बघा

तुम्ही लिहिलंय की आईबाबा भारतातून आलेत, त्यांना दोन दिवस इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातलं वेल्स (Wells हे छोटं शहर, Wales देश नव्हे) दाखवायचंय, ट्रेनच्या ॲपवर स्टेशन सापडत नाहीये पण हॉटेल मात्र स्वस्तात मिळालं. ते "स्वस्तात मिळालं" वाचलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. चार वर्षांपूर्वी मी अगदी हेच केलं होतं, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

स्टेशन सापडणार नाही कारण ते नाहीच, १९६३ पासून वेल्सला प्रवासी ट्रेन येत नाही. बाथ किंवा ब्रिस्टलपर्यंत ट्रेन आणि पुढे तासभर किंवा थोडी जास्तच बस. हे मला माहीत होतं. चूक झाली ती हॉटेलात. मी घाईत सर्चमध्ये नुसतं वेल्स टाकलं, समोर एक छान खोली आली, दोन रात्री, नॉन-रिफंडेबल म्हणून बरीच स्वस्त, आणि भरले पैसे. शनिवारी दुपारी वेल्सच्या बसस्टँडवर उतरलो, पाऊस, दोन बॅगा, आईचे गुडघे दुखतायत, म्हणून हॉटेलला फोन करून रस्ता विचारला तर पलीकडची बाई म्हणाली धक्क्यावरून सरळ या, समुद्र दिसेल. वेल्सला कसला समुद्र! तेव्हा कळलं की मी वेल्स-नेक्स्ट-द-सीला बुकिंग केलंय, म्हणजे पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, नॉरफॉकच्या किनाऱ्यावर. शिवाय टनब्रिज वेल्स म्हणून तिसरंच एक गाव केंटमध्ये आहे आणि त्याला स्टेशनही आहे, त्यामुळे ॲपवर ते पटकन पुढे येतं, तेही घेऊ नका.

पुढचा त्रास चुकीपेक्षा मोठा होता. ज्या कंपनीमार्फत बुकिंग केलं (नाव लिहीत नाही) ते म्हणाले हॉटेलशी बोला, हॉटेल म्हणालं पैसे त्यांनी घेतलेत त्यांच्याशी बोला, आणि प्रत्येक फोनला नवा रेफरन्स नंबर आणि पहिल्यापासून तीच सगळी कहाणी सांगायची. तीन आठवडे ही टोलवाटोलवी चालली. चूक माझी होती हे मी पहिल्याच फोनला कबूल केलं होतं, मला फक्त एक स्पष्ट हो किंवा नाही हवं होतं, तेही कुणी दिलं नाही. २१२ पौंड गेले, आणि त्या शनिवारी वेल्समध्ये एक खोली रिकामी मिळाली नाही म्हणून संध्याकाळी टॅक्सी करून बाथला गेलो त्याचे वेगळे. बाबा एक शब्द बोलले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं.

म्हणून आत्ता उठा आणि कन्फर्मेशनवरचा पोस्टकोड बघा. बीए५ ने सुरू होत असेल तर बरोबर, एनआर२३ असेल तर ते समुद्राकाठचं. चुकलं असेल तर आजच कॅन्सल होतंय का बघा, जितके दिवस आधी तितकी शक्यता जास्त. मी काही ट्रॅव्हल एजंट नाही, प्रत्येक बुकिंगच्या अटी वेगळ्या असतात, त्या वाचूनच काय ते करा.

आता बघायचं काय. कॅथेड्रल तर बघालच, पण भोज्याला शिवून आल्यासारखं करू नका. माझे बाबा पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेत, ते त्या कात्रीसारख्या कमानींखाली अर्धा तास उभे होते. मधला मनोरा उंच केला तसा पाया खचायला लागला म्हणून १३३८ ते १३४८ मध्ये टेकू म्हणून त्या घातल्या, आणि साडेसहाशेहून जास्त वर्षं तो भार पेलतायत. तिथलं घड्याळ साधारण १३९० चं, दर पाव तासाला वर घोडेस्वारांची झुंज होते आणि दर वेळी तोच एक स्वार पडतो, त्यामुळे पाच मिनिटं आधी जाऊन थांबा. चॅप्टर हाउसचा (कॅथेड्रलच्या पाद्र्यांच्या बैठकीच्या दालनाचा) दगडी जिना झिजून खोलगट झालाय, आईच्या गुडघ्यांना त्रास असेल तर खालूनच बघू दे, खालूनही सुंदर दिसतो. इव्हनसाँग (संध्याकाळची गायनासह प्रार्थना) असेल त्या संध्याकाळी नक्की बसवा, त्याला तिकीट नसतं. माझ्या आईला शब्द कळत नव्हते पण ती डोळे मिटून बसली होती, देवळात बसते तशी.

बिशप्स पॅलेसच्या बागेत ते झरे आहेत ज्यांच्यावरून गावाला नाव पडलं. खंदकातले हंस खायला हवं असलं की घंटेची दोरी ओढतात, पण ते दिसणं नशिबावर आहे, आईबाबांना आधीच कबूल करू नका. व्हिकर्स क्लोज ही चौदाव्या शतकातली गल्ली वरच्या टोकाला मुद्दाम निमुळती केलीय, त्यामुळे खालून लांबलचक वाटते आणि वरून आखूड, दोन्हीकडून बघा. लोक अजून राहतात तिथे, खिडक्यांतून डोकावू नका प्लीज. बाजार बुधवारी आणि शनिवारी. बाजारचौकातच जमिनीत मेरी रँडच्या उडीची खूण आहे, ती इथलीच, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये लांब उडीत ६.७६ मीटरचा विश्वविक्रम केला होता तिने. आम्ही नुसते चालत गेलो तरी किती लांब आहे ते कळलं.

चेडर गॉर्ज ही दरी आणि वुकी होलच्या गुहा जवळ आहेत म्हणून त्याच दोन दिवसांत कोंबू नका, वुकी होलच्या गुहांत पायऱ्या भरपूर आहेत. हे माझं मत, तरुण माणसांना जमेलही. आणि घरचे शुद्ध शाकाहारी असतील तर चेडर चीज घेताना लेबल बघा, पारंपरिक चीजमध्ये बऱ्याचदा वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) असतं, व्हेजिटेरियन लिहिलेलंच घ्या.

रविवारी परतणार असाल तर बसचं टाइमटेबल रविवारचंच उघडून बघा, बाकी दिवसांचं गृहीत धरू नका.

पोस्टकोडची पहिली दोन अक्षरं आणि आकडा इथे टाका, मी आज रात्री ऑनलाइन आहे, लगेच बघून सांगते.