बाबांच्या फुप्फुसाच्या कर्करोगासाठी सीटी महिन्यापूर्वीच झालाय. आता रेडिएशनआधी पेट-सीटी आणि ४डी सीटी करायलाच हवेत का?

हो, दोन्ही करून घ्या. आधीचा सीटी आजार ओळखायला होता, हे स्कॅन किरण नेमके कुठे द्यायचे ते आखायला आहेत. मी मुंबईत रेडिओथेरपी विभागात तंत्रज्ञ आहे, रोजचं काम हेच. साध्या सीटीत गाठ आणि तिच्यामुळे मिटलेलं फुप्फुस जवळपास सारखंच करडं दिसतं. पेटमध्ये शिरेतून दिलेली किरणोत्सारी साखर गाठ जास्त शोषते आणि उजळते, म्हणून निरोगी भाग वाचवता येतो. ४डी सीटी श्वासाबरोबर गाठ किती हलते ते टिपतो. पोटावर छोटी ठोकळी ठेवतात, ती श्वासागणिक वरखाली होते आणि त्यावरून चित्रं साधारण १० टप्प्यांत विभागली जातात. फुप्फुसाच्या खालच्या भागातली गाठ १ सेंटिमीटरहून जास्तही सरकू शकते, तेव्हा ४डी सीटी तर टाळू नकाच. एक मात्र आहे: पेटमध्ये उजळलेलं सगळंच कर्करोगाचं नसतं. आपल्याकडे टीबी खूप, आणि टीबीने सुजलेल्या लसिकाग्रंथीही (लिम्फ नोड) तशाच चमकतात. छातीतल्या ग्रंथींवर उपचार ठरणार असेल, तर सुईने नमुना घेऊन तपासायचा का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. बाबांना मधुमेह असेल तर पेटची तारीख घेतानाच सांगा, कारण रक्तातल्या साखरेचा पेटच्या चित्रावर परिणाम होतो.