मालधक्क्यावर आणि ट्रक लोडिंगच्या जागी होणारे अपघात सरकार आणि कंपन्यांनी मिळून काम केलं तर खरंच कमी होतात का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कंपनीत नवे लागला आहात. रेल्वे, कामगार खातं, कंपनी आणि ट्रान्सपोर्टवाले अशी एक संयुक्त समिती काढायचं तिथे चाललंय, आणि तुम्हाला शंका आहे की हा नुसता ४ मार्चचा, राष्ट्रीय सुरक्षा दिनाचा कार्यक्रम तर होणार नाही ना.

अपघात कमी होतात. पण तुमच्या यादीत चार नावं आहेत, त्यात पोतं उचलणारा नाही आणि गाडी चालवणारा नाही. हे वाचलं म्हणूनच लिहायला बसलो, नाहीतर मी इथे फक्त वाचतो.

नागपुरातल्या एका मालधक्क्यावर मी अकरा वर्षं काढली. हँडलिंगचा ठेका असलेल्या एका फर्मकडे आधी टॅली क्लार्क, म्हणजे मालाची मोजणी लिहिणारा, मग सुपरवायझर. रेक, म्हणजे जोडलेल्या वॅगनची अख्खी मालगाडी, धक्क्याला लागला की घड्याळ सुरू होतं. बंद वॅगनच्या एका रेकमध्ये चाळीस-बेचाळीस वॅगन, एकेकात साठ टनांच्या वर माल. म्हणजे ५० किलोची बाराशे पोती एका वॅगनमध्ये, आणि ती सगळी माणसाच्या पाठीवरून उतरतात. रेल्वेनं दिलेला वेळ संपला की डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड, वॅगनमागे आणि तासामागे. रेक दुपारी लागो की रात्री दीडला, घड्याळ थांबत नाही. मग नागपूरजवळच्या वाडीला, ट्रकवाल्यांना, फोन जातात, ज्याची गाडी रिकामी असेल त्याला उठवा म्हणून.

मे २०१३ मधली गोष्ट. रात्री एकच्या सुमारास रेक लागला. आमच्या माणसांना रात्रीचा रेक बरा वाटायचा, कारण मे महिन्यात दुपारी वॅगनच्या पत्र्याला हात लावता येत नाही. घाई असली की माल धक्क्यावर न उतरवता वॅगनच्या दारातून थेट ट्रकमध्ये घ्यायचा. ट्रक मागे घ्यायचा, फाळका, म्हणजे मागची झडप, खाली सोडायचा आणि मधल्या फटीवर लाकडी फळी टाकायची. आमच्या त्या फळीची मधली जागा वर्षानुवर्षं पाय पडून खोलगट आणि गुळगुळीत झाली होती. तिला ना हूक, ना साखळी. दोन टोकं दोन पत्र्यांवर नुसती टेकवलेली. माणूस पाठीवर पोतं घेऊन, मान खाली घालून, रबरी चप्पल घालून तिच्यावरून जायचा. रात्रभरात शेकडो वेळा.

पहाटे साडेचारला अकराव्या वॅगनला जी गाडी लागली होती ती माझ्या मोठ्या भावाची होती. वाडीला त्याच्या चार गाड्या होत्या आणि रेक लागला की मीच त्याला फोन करायचो. गाडीचा सेल्फ स्टार्टर दोन आठवड्यांपासून खराब होता. एकदा बंद केली की चार माणसांनी धक्का मारल्याशिवाय सुरू होत नव्हती, म्हणून ड्रायव्हर इंजिन बंदच करत नव्हता. त्याची ती रात्रीतली पाचवी खेप होती आणि आदल्या दिवशीही तो गाडीवरच होता. न्यूट्रलला टाकून, गाडी चालू ठेवून तो चहाला उतरला. हँडब्रेक ओढला नव्हता.

गाडी फार सरकली नाही. हातभर पुढे गेली असेल, पण तेवढ्यात फळीचं एक टोक सुटलं. फळीवर तेव्हा आमचे मुकादम होते, टोळीतली पोरं त्यांना मामा म्हणायची, मीही मामाच म्हणायचो. ते पोत्यासकट खाली गेले आणि पाय धक्क्याच्या कडेला अडकला. ओरड ऐकून कोणीतरी केबिनमध्ये चढला आणि घाबरून गाडी रिव्हर्सला टाकली. पायाचं जे व्हायचं ते त्या रिव्हर्सनं झालं. डाव्या गुडघ्याखालून काढावा लागला.

मामांना ऑटोत घालून नेलं. कोणीतरी दोन बादल्या पाणी ओतलं. वीस मिनिटांत त्याच वॅगनला दुसरी गाडी लागली, आणि ती मीच लावली. रजिस्टरमध्ये वेळ मीच लिहिली. रेक वेळेत सुटला, डेमरेज एक रुपया लागलं नाही. दुसऱ्या दिवशी मालकानं त्याबद्दल मला शाबासकी दिली. ती मी घेतली. हे आजवर घरात कोणाला सांगितलेलं नाही.

चौकशी झाली. निघालं काय, तर ड्रायव्हरचा निष्काळजीपणा. संपलं. पुढचे काही महिने मी कोणकोणाला विचारत फिरलो. मालधक्का म्हणजे कारखाना नव्हे, त्यामुळे कारखाना निरीक्षकाचा तिथे संबंध नाही. जमीन रेल्वेची, पण माल उतरवायची जबाबदारी माल मागवणाऱ्याची. गाडी आरटीओच्या अखत्यारीत, पण रस्त्यावर असेल तेव्हा. माणूस माथाडी मंडळाचा, म्हणजे हमालांच्या मंडळाचा. तुमच्या समितीला खरं काम असेल तर ते इथे आहे. चार खात्यांच्या चार हद्दी जिथे येऊन मिळतात, बरोबर तिथेच ती फळी असते, आणि फळी कोणाच्याच हद्दीत नसते.

सरकार आणि उद्योग एकत्र येणं ही महाराष्ट्रात काही नवी गोष्ट नाही. माथाडी कायदा १९६९ चा आहे. मंडळावर सरकार, मालक आणि कामगार तिघांचे प्रतिनिधी बसतात, मालकाकडून मजुरीवर लेव्ही घेतली जाते आणि त्यातून हमालाला भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना मिळतो. अण्णासाहेब पाटलांनी ज्यांच्यासाठी लढा दिला त्या माणसांना त्याआधी यातलं काहीच नव्हतं. मामांच्या घरी त्या वर्षी चूल पेटली ती नोंदणी होती म्हणूनच. पण तो पैसा पाय गेल्यावरचा. फळीला साखळी लावा हे सांगायला त्या रात्री धक्क्यावर कोणी नव्हतं.

आपल्या शहरातलंच दुसरं उदाहरण घ्या. २०२१ मध्ये इथे आयरास्ते हा रस्ते सुरक्षेचा प्रकल्प सुरू झाला. महापालिका, इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी, सीआरआरआय ही केंद्र सरकारची रस्ते संशोधन संस्था, महिंद्रा असे सगळे एकत्र आले आणि शहर बसमध्ये ड्रायव्हरला धोक्याची सूचना देणारे कॅमेरे बसवले. चांगलं काम आहे, मला मनापासून आवडलं. अशी मंडळी एका टेबलाला बसू शकतात हे त्यातून कळतं. मग मालधक्क्याची फळी आणि लोडिंग पॉइंटवरची किल्ली यासाठीही बसू शकतील. त्याला कॅमेराही लागत नाही.

किल्लीचं सांगतो. आता मी हिंगण्याकडच्या एका कारखान्यात डिस्पॅच बघतो. इथे गाडी लोडिंगला लागली की इंजिन बंद, हँडब्रेक, चाकाला पुढून-मागून लाकडी गुटके आणि किल्ली माझ्या टेबलामागच्या खुंटीवर. शेवटचा माणूस गाडीतून उतरल्याशिवाय किल्ली परत नाही. पहिले दोन महिने ड्रायव्हरांनी शिव्या दिल्या आणि त्यांचं बरोबर होतं. मे महिन्यात बंद केबिनमध्ये तीन तास बसवून ठेवणं हा छळ आहे. म्हणून शेड, पंखे, पाणी आणि आडवं व्हायला चार खाटा केल्या, तेव्हा शिव्या थांबल्या. २०२५ पासून नव्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला हे उत्तमच, पण इंजिन बंद असलं की तो एसीही बंद.

हँडब्रेक म्हणजे किरकोळ गोष्ट असं कोणी बैठकीत म्हणालंच, तर जम्मूतल्या कठुआची आठवण करून द्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथून गिट्टी भरलेली अख्खी मालगाडी ड्रायव्हरविना निघाली आणि सत्तर किलोमीटर दूर पंजाबात जाऊन थांबली. आणि तुमच्या सायडिंगला, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या रुळाला, वरून विजेची तार असेल तर तिच्यात २५,००० व्होल्ट असतात. पॉवर ब्लॉक घेतल्याशिवाय, म्हणजे रेल्वेकडून तारेची वीज बंद करून घेतल्याशिवाय, ताडपत्री ओढायलाही माणूस वॅगनवर चढता कामा नये. तारेला हात लागावाच असं नाही, जवळ गेलं तरी पुरतं.

नव्या कामगार सुरक्षा संहितेत, २०२० ची जी नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली, सुरक्षा समितीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत असं आहे. पण ठेकेदाराचा हमाल आणि बाहेरचा ड्रायव्हर कंपनीच्या हिशेबात 'आपला कामगार' नसतो, म्हणून तो खुर्चीवर येत नाही. त्याला आणा. बैठक रात्रीच्या रेकच्या वेळी, धक्क्यावरच घ्या. आणि रेल्वेवाल्यांसमोर एकच गोष्ट लावून धरा: जखमी माणूस हलवून जागा तपासून होईपर्यंत डेमरेजचं घड्याळ थांबलं पाहिजे, आणि तसं करारात लिहिलेलं पाहिजे. ते थांबत नाही तोवर माझ्यासारखा सुपरवायझर वीस मिनिटांत दुसरी गाडी लावणारच.

आता थोडं दुसऱ्या बाजूनंही सांगायला हवं. माझा अनुभव एका धक्क्याचा आणि जुना आहे. २०२१ च्या गतिशक्ती कार्गो टर्मिनल धोरणानंतर खासगी टर्मिनलं होऊ लागली आहेत. तिथे फोर्कलिफ्ट असेल, उजेड असेल, तर निम्मा धोका तिथेच कमी होतो. रेल्वेची माणसं वाईट होती असंही नाही. त्या पहाटे ऑटो एका पॉइंट्समननंच धावत जाऊन आणला होता.

राहिला दादा. त्याचं-माझं त्यावरून दोन वर्षं बोलणं बंद होतं. त्याचं म्हणणं आजही तेच, "हँडब्रेक ड्रायव्हरनं नाही ओढला. मी काय गाडीत बसून होतो का? मले काऊन बोलून राहिला तू?" मी म्हणतो, सेल्फ खराब आहे हे तुला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. १९६१ च्या मोटर ट्रान्सपोर्ट कामगार कायद्यात ड्रायव्हरला दिवसाला आठ तास आणि पाच तासांच्या आत अर्धा तास विश्रांती लिहिली होती. दादा म्हणायचा, पाच कामगार असले तरच तो लागू, माझ्याकडे चार ड्रायव्हर. चार क्लीनर तो मोजतच नव्हता.

पण त्याचंही एक म्हणणं मी तेव्हा ऐकून घेतलं नाही. मे म्हणजे सीझन, भाडं खेपेवर, गाडी एक दिवस उभी केली की हप्ता चुकणार. आणि मीच रात्री एकला फोन करून म्हणालो होतो, "जशी असेल तशी पाठव, रेक लागला."

तुमच्या समितीची पहिली बैठक ठरली की इथेच कळवा. एखादा छोटा ट्रकमालक तुम्हाला लागेलच, दादाला मी घेऊन येतो. रेल्वे, कंपनी, ठेकेदार सगळे समोर असताना मला त्यांना एवढंच विचारायचं आहे की तो सेल्फ दुरुस्त करायला गाडी कोणत्या दिवशी उभी करायची होती, आणि त्या दिवसाचं भाडं यांच्यापैकी कोण देणार होतं.